रविवारची तत्त्वं

१९८३ साली एका भाषणाची सुरुवात करताना भौतिकशास्त्रज्ञ जॉन स्ट्यूअर्ट बेल म्हणाले होते की, मी क्वांटम इंजिनिअर आहे, पण रविवारी मला तत्त्वं असतात. बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. सोमवार ते शनिवार (दुसरा आणि चौथा सोडून) जे चालतं ते काम. ते नीट करायचं, त्याचा पगार घ्यायचा आणि त्याबद्दल फार खोलात शिरायचं नाही. प्रश्न पडलेच तर रविवार आहे.

मी इथे नागपुरात कर्ज विभागात बसते. त्याआधी एम.एस्सी. फिजिक्स. विदर्भात या प्रवासाचं कुणाला नवल वाटत नाही. आमच्या बॅचमधले निम्मे बँकांत, काही शाळेत, दोघं-तिघं एमपीएससीच्या अभ्यासिकेत केस पांढरे करून घरी परतले. फिजिक्समध्ये राहिलेला एकच आणि तो पुण्याला असतो.

क्वांटम मेकॅनिक्सच्या, म्हणजे अणूइतक्या बारक्या जगाच्या नियमांच्या, पेपरात मला उत्तम मार्क होते. श्रोडिंगरचं समीकरण मांडा, सीमेवरच्या अटी घाला, उत्तर काढा. हायड्रोजनचा अणू तर झोपेतही सोडवला असता. पण मोजण्याआधी इलेक्ट्रॉन असतो तरी कुठे, असं कुणी विचारलं की सर फळ्याकडे तोंड ठेवूनच म्हणायचे, "ते तत्त्वज्ञानवाल्यांना विचारा, आपलं युनिट तीन बाकी आहे." सर एकटे असं म्हणत नव्हते. विसाव्या शतकाच्या मधल्या काळात जगभरच्या भौतिकशास्त्र विभागांत थोड्याफार फरकाने हेच उत्तर मिळत असे. गणित जुळतंय, ट्रान्झिस्टर चालतोय, लेझर चालतोय, मग कशाला खाजवून खरूज काढायची? अशा काळात बेल यांनी हा प्रश्न उचलला आणि तोही नोकरी सांभाळून.

नोकरी सांभाळून फिजिक्स करणाऱ्यांची परंपरा नागपूरला अगदीच परकी नाही. चंद्रशेखर वेंकट रामन १९१० साली बदली होऊन नागपुरात आले होते, ते सरकारी वित्तखात्यातले अधिकारी म्हणून. कलकत्ता, मग रंगून, मग नागपूर आणि वर्ष भरायच्या आत बढतीवर परत कलकत्ता. कलकत्त्यात ऑफिसच्या आधी आणि ऑफिस सुटल्यावर ते बहूबाजारातल्या इंडियन असोसिएशनच्या प्रयोगशाळेत जात. १९१७ मध्ये त्यांनी भल्या पगाराची सरकारी नोकरी सोडून कमी पगाराचं प्राध्यापकपद घेतलं. गांधीसागर तलावाजवळचं रामन विज्ञान केंद्र १९९२ पासून त्यांच्या नावाने उभं आहे. शाळांच्या सहली येतात आणि तारांगणाच्या गार अंधारात निम्मी मुलं झोपतात. मीही झोपले होते.

रामन परिणाम १९२८ च्या फेब्रुवारीतला. बेल जन्मले त्याच वर्षी जुलैत, बेलफास्टला. घरची परिस्थिती बेताची, वडील घोड्यांचा व्यवहार करणारे. चार भावंडांत चौदा वर्षांनंतरही शाळेत राहायला मिळालं ते एकट्या जॉनला. सोळाव्या वर्षी शाळा संपली, पण विद्यापीठात घ्यायला वय कमी पडलं. म्हणून क्वीन्स विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात ते प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले. तिथल्या प्राध्यापकांनी पुस्तकं दिली आणि पहिल्या वर्षाच्या वर्गात बसू दिलं. वर्षभराने तिथेच प्रवेश मिळाला. पुढे क्वांटम मेकॅनिक्स शिकताना अनिश्चिततेच्या तत्त्वावरून त्यांचे आणि शिक्षकांचे चांगलेच खटके उडाले. मोजमाप म्हणजे नेमकं काय, हे कुणी धडपणे सांगेना. सांगता येत नाही ते ठीक, पण सांगितलंय असा आव कशाला, हा त्यांचा राग होता. तो शेवटपर्यंत गेला नाही.

१९४९ मध्ये त्यांना इंग्लंडच्या हारवेल अणुसंशोधन संस्थेत नोकरी लागली आणि काम मिळालं ॲक्सिलरेटरच्या आखणीचं. कणांचा झोत चुंबकांमधून कसा जाईल, कुठे भरकटेल, याची गणितं. तिथेच मेरी रॉस भेटल्या. त्याही ॲक्सिलरेटरवाल्याच. १९५४ मध्ये लग्न झालं आणि १९६० मध्ये दोघं जिनिव्हाजवळच्या सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेत गेले, ते कायमचेच. सर्नमधलं बेल यांचं रोजचं काम कणभौतिकीचं होतं आणि ते काही साधंसुधं नव्हतं. न्यूट्रल पायॉन नावाचा कण दोन फोटॉनांत, म्हणजे प्रकाशकणांत, फुटतो, तो तेव्हाच्या सिद्धांतानुसार तसा फुटायला नको होता. १९६९ मध्ये बेल आणि रोमन जॅकिव यांनी त्याचं कोडं सोडवलं. एखाद्याची अख्खी कारकीर्द त्यावर निघाली असती. बेल यांच्या बाबतीत हे आठवड्यातल्या कामात जमा!

रविवारच्या कामाची गोष्ट थोडी मागून सांगावी लागते. जॉन फॉन नॉयमन यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात एक सिद्धता दिली होती. क्वांटम मेकॅनिक्सच्या खाली दडलेली, आपल्याला न दिसणारी, पण सगळं ठरवून ठेवणारी माहिती असूच शकत नाही, असा तिचा निष्कर्ष. फॉन नॉयमन म्हणजे केवढं नाव! पुढची वीस वर्षं लोकांनी सिद्धता न वाचताच तिचा हवाला दिला. बेल यांनाही ती आधी कळली मॅक्स बॉर्न यांच्या पुस्तकातून, कारण मूळ ग्रंथ जर्मनमध्ये होता. (हे बॉर्न १९३५-३६ च्या सुमारास रामन यांच्या बोलावण्यावरून काही महिने बंगळूरला होते. माझ्या या गोष्टीतली माणसं अशी एकमेकांना अधूनमधून भेटत राहतात.) मग १९५२ मध्ये डेव्हिड बोम यांनी, जे अशक्य म्हणून सिद्ध झालं होतं, नेमकं तसंच एक प्रारूप मांडून दाखवलं. म्हणजे सिद्धतेत कुठेतरी पाणी मुरत होतं.

ते कुठे मुरतं हे बेल यांनी शोधलं. फॉन नॉयमन यांनी सरासऱ्यांच्या बेरजेचा एक नियम अशा राशींनाही लावला होता ज्या एकत्र मोजताच येत नाहीत. गणितात चूक नव्हती, गृहीतक अवाजवी होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर ताळेबंद पैशापर्यंत जुळला होता, पण तारणाचं मूल्यांकनच कुणी तपासलं नव्हतं. ग्रेट हेर्मान नावाच्या जर्मन गणितज्ञ बाईंनी हीच फट १९३५ मध्ये दाखवून दिली होती. कुणी लक्ष दिलं नाही. बेल यांचा हा लेखही मासिकाच्या कचेरीत गहाळ होऊन शेवटी १९६६ मध्ये छापून आला. त्यामुळे अशी दडलेली माहिती मग कशी असावी लागेल, या त्यातल्या प्रश्नाचं उत्तर आधीच, १९६४ मध्ये, छापलेलं होतं.

ते १९६४ चं उत्तर सहा पानांचं आहे. बेल तेव्हा सुट्टी घेऊन अमेरिकेत पाहुणे होते. नामांकित मासिकात छापायचं तर पानांमागे पैसे भरावे लागत आणि यजमान संस्थेला ते मागणं त्यांना संकोचाचं वाटलं. म्हणून त्यांनी 'फिजिक्स' नावाच्या एका नव्या मासिकाला लेख दिला. ते मासिक काही वर्षांतच बंद पडलं. विज्ञानाच्या इतिहासातल्या फार मोठ्या लेखांपैकी एक असा बिनखर्चाच्या जागी जाऊन बसला, हे वाचून माझ्यातल्या बँकवालीला बरं वाटतं.

त्यात आहे काय, हे मी आजवर बऱ्याच जणांना सांगून पाहिलंय आणि समोरच्याच्या डोळ्यांवर झापड आलेली पाहिली आहे. शेवटी उपयोगी पडली भावाची मुलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघं आमच्याकडे होती, मुलगा दहावीत गेलेला, मुलगी आठवीत. बाहेर पंचेचाळीस डिग्री, संध्याकाळपर्यंत दार उघडायची सोय नाही. म्हटलं, चला एक खेळ खेळू. हॉल म्हणजे वर्धा, मागची खोली म्हणजे भंडारा आणि मधल्या पॅसेजमध्ये मी, म्हणजे नागपूर. मी दोघांना एकाच वेळी चिठ्ठी पाठवणार. चिठ्ठीवर 'एक' किंवा 'दोन', कुणाला काय जाईल ते नाण्यावर. तुम्ही फक्त 'हो' किंवा 'नाही' लिहून पाठवायचं. दोघांनाही 'दोन' गेलं तर उत्तरं वेगळी हवीत. बाकी तिन्ही प्रकारांत उत्तरं सारखी हवीत. खोलीत जाण्याआधी हवं ते ठरवून घ्या. एकदा गेलात की बोलणं बंद.

"आत्या, हे तं सोपं आहे," भाची म्हणाली. "आम्ही दोघंही नुसतं हो-हो म्हणत राहू." बरोबर आहे. चारपैकी तीन प्रकारांत जिंकाल, म्हणजे ७५ टक्के. याहून वर जाऊन दाखवा म्हटल्यावर मात्र दोघं कागद घेऊन बसली. भाच्याच्या लवकर लक्षात आलं. वर्ध्याचं 'एक'चं उत्तर भंडाऱ्याच्या दोन्ही उत्तरांशी जुळायला हवं, म्हणजे भंडाऱ्याची दोन्ही उत्तरं आपोआप सारखी झाली. वर्ध्याचं 'दोन'चं उत्तर भंडाऱ्याच्या 'एक'शी जुळायला हवं, म्हणजे ते 'दोन'शीही जुळणारच. आणि नियम तर म्हणतो तिथे जुळता कामा नये. चारही अटी एकदम पाळणारी तयारी नाहीच. कितीही हुशारीने ठरवा, ७५ च्या वर जाता येत नाही.

ही भिंत म्हणजे बेल यांची असमानता. त्यांच्या मूळ लेखात हा खेळ नाही. नंतरच्या लोकांनी तिला हे रूप दिलं. पण गाभा हाच. १९३५ मध्ये आइनस्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांचं म्हणणं असं होतं की, एकत्र जन्मलेले दोन कण दूर गेल्यावरही एकमेकांशी जुळणारी उत्तरं देतात, तर ती उत्तरं ते निघतानाच सोबत घेऊन निघाले असले पाहिजेत. मग ती न सांगणारा सिद्धांत अपुरा आहे. बेल यांना ही तक्रार अगदी समंजस वाटत होती. आणि त्यांनीच दाखवलं की उत्तरं खिशात घेऊन निघालेल्या कणांना ७५ ची भिंत आहे. क्वांटम मेकॅनिक्सचं गणित मात्र सांगतं की, एकमेकांत गुंतलेले, म्हणजे अशा जोडीतले, फोटॉन असतील आणि 'एक' नि 'दोन' हे प्रश्न म्हणजे पोलरायझरचे (प्रकाश गाळणाऱ्या काचेचे) योग्य निवडलेले कोन असतील, तर ८५ टक्क्यांच्या थोडं वर जाता येतं. तीस वर्षं जो प्रश्न तत्त्वज्ञानवाल्यांकडे पाठवला जात होता, त्याला आता आकडा होता. ७५ की ८५, मोजा.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे. रविवारच्या प्रश्नाशी हा माणूस सोमवारच्या हत्याराने भिडला. चुंबक इतका हलला तर झोत किती हलेल, असं विचारणारी बुद्धी आहे ही. ज्यांना क्वांटम म्हणजे मन, चैतन्य, विश्वाचं गूढ असलं काही बोलायला आवडतं, त्यांची भाषणं मी आमच्याच शहरात पुष्कळ ऐकली आहेत. बेल यांची ती सहा पानं त्यांतल्या कुणी चाळली असतील असं वाटत नाही.

मुलांकडे परत येते, कारण पुढचा इतिहास त्यांनी आपसूकच घडवला. हरणं सोसेना तेव्हा भाच्याने भिंतीवर टकटक सुरू केली. 'दोन' आलं की दोनदा. कूलरच्या घरघरीत मला आधी कळलंच नाही. मग भाची म्हणाली, "ही फेरी मी खेळत नाही, धरू नको." अवघड चिठ्ठी आली की नेमकी तिला फेरी नको व्हायची. राहिलेल्या फेऱ्यांत त्यांचे टक्के झकास वाढले! आणि सगळ्यात शेवटी भाच्याने विचारलं, "नाणं कसं पडणार हेच आम्हाला आधीपासून माहीत असेल तं?"

या तिन्ही पळवाटा म्हणजे पन्नास वर्षांच्या प्रयोगशाळांचा इतिहास आहे. बेल यांच्या लेखाची पहिली दखल घेतली जॉन क्लॉसर या तरुणाने. त्याने १९६९ मध्ये बेल यांना पत्र लिहून विचारलं की, याचा कुणी प्रयोग केलाय का? बेल यांनी लगेच कळवलं, करून बघा, अनपेक्षित काही निघालं तर जग हादरेल. १९७२ मध्ये बर्कलीत क्लॉसर आणि स्टुअर्ट फ्रीडमन यांनी कॅल्शियमच्या अणूंतून निघणाऱ्या फोटॉनांवर तो केला. जग हादरलं नाही, निकाल क्वांटमच्या बाजूने लागला. पण पोलरायझरचे कोन आधीच लावून ठेवलेले होते, म्हणजे टकटक शक्य होती. १९८२ मध्ये पॅरिसजवळच्या ओर्सेला आलाँ आस्पे यांच्या गटाने फोटॉन वाटेत असतानाच प्रश्न बदलण्याची युक्ती केली. तरीही बहुतेक फोटॉन यंत्राला सापडतच नसत, त्यामुळे भाचीची 'धरू नको' ही पळवाट उरलीच. २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या गटाने दोन हिरे १.३ किलोमीटर अंतरावर ठेवले, त्यांतल्या इलेक्ट्रॉनांना गुंतवलं आणि मोजायला घेतलेली एकही फेरी सोडली नाही. २४५ फेऱ्यांत १९६ जिंकल्या, म्हणजे ८० टक्के. भिंत पडली आणि यावेळी टकटकही नव्हती, गाळलेल्या फेऱ्याही नव्हत्या. भाच्याचा तिसरा प्रश्न पूर्णपणे बंद करता येत नाही, फक्त मागे ढकलता येतो. काहींनी त्यासाठी दूरच्या ताऱ्यांच्या प्रकाशावरून 'नाणेफेक' करून पाहिली आहे. नववीपर्यंत सायन्समध्ये काठावर पास होणारा हा मुलगा, त्याला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "मंग मी बरोबर होतो ना वो आत्या."

यावरून दूरवर निरोप मात्र पाठवता येत नाही. वर्ध्याला बसलेल्याला आपल्या वहीत हो आणि नाही निम्मे-निम्मे, कशाचा काही पत्ता नसल्यासारखे दिसतात. दोन वह्या शेजारी ठेवल्यावरच भानगड उघडकीला येते. बेल यांना ही भानगड आवडली नव्हती. आइनस्टाइनने हवी म्हटलेली गोष्ट शहाणपणाची होती, निसर्ग तसा वागत नाही एवढंच.

आस्पे १९७५ मध्ये जिनिव्हाला बेल यांना भेटायला गेले, हा प्रयोग करायचाय असं सांगायला. बेल यांनी सगळं ऐकून पहिला प्रश्न विचारला की, तुमची नोकरी पर्मनंट आहे का? होती, म्हणून गोष्ट पुढे गेली. आमच्याकडे मुलगी दाखवताना विचारतात तोच प्रश्न, पण इथे तो काळजीपोटी आला होता. या विषयात पडलेल्या तरुणाला लोक चक्रम समजतील, नोकऱ्या मिळणार नाहीत, हे बेल यांना पुरतं ठाऊक होतं. क्लॉसर यांना कायमची प्राध्यापकी कधी मिळालीच नाही. त्यांना, आस्पे यांना आणि आंतोन झायलिंगर यांना याच कामासाठी २०२२ मध्ये नोबेल मिळालं, तोवर क्लॉसर ऐंशीच्या घरात पोचले होते.

सर्नमधले बेल यांचे ऑस्ट्रियन सहकारी राइनहोल्ड बर्टलमान १९७८ मध्ये तिथे आले. दोघं मिळून क्वार्क या मूलकणांवर काम करत, चार वाजता एकत्र चहा घेत. तांबूस दाढीचे, सोळाव्या वर्षापासून शाकाहारी, मितभाषी असे बेल. (सावजीच्या या गावात त्यांचे हाल झाले असते.) बर्टलमान यांना एक खोड होती, दोन पायांत दोन वेगळ्या रंगांचे मोजे घालायची. बेल यांनी त्यावर कधी अवाक्षर काढलं नाही. १९८० मध्ये बर्टलमान व्हिएन्नाला असताना एक नवा लेख तिथे पोचला. शीर्षक: 'बर्टलमानचे मोजे आणि वास्तवाचं स्वरूप'. आत बेल यांनी स्वतः काढलेलं रेखाचित्र, चालणारा माणूस, एका मोज्यावर लिहिलंय गुलाबी, दुसऱ्यावर गुलाबी नाही. एक पाय गुलाबी दिसला की दुसरा गुलाबी नाही हे न बघताच कळतं, त्यात गूढ काही नाही, मोजे सकाळीच घातलेले होते. क्वांटम कण मोज्यांसारखे नाहीत, हा लेखाचा मुद्दा. बर्टलमान हादरले ते मोज्यांमुळे नव्हे. दोन वर्षं रोज चहा पिऊनही आपल्या या सहकाऱ्याचं क्वांटमच्या मुळाशी असं काही काम आहे याची त्यांना गंधवार्ता नव्हती. रविवार इतका कडक पाळलेला मी दुसरीकडे पाहिला नाही. आमच्या ब्रांचमध्ये कुणी दोन कविता केल्या तरी मंगळवारपर्यंत कॅश काउंटरला पाठ होतात.

मेरी बेल यांच्याबद्दल मात्र फार थोडं वाचायला मिळतं. स्वतः पूर्णवेळ ॲक्सिलरेटर भौतिकशास्त्रज्ञ, नवऱ्याबरोबर काही शोधनिबंध आणि बाकी आभाराच्या ओळींत. १९८७ मध्ये बेल यांच्या क्वांटम लेखांचा संग्रह निघाला, तेव्हा त्यांनी प्रस्तावनेत लिहिलं की, हे लेख पुन्हा चाळताना मला त्यांत सगळीकडे मेरी दिसते. मला ते वाक्य गोड वाटतं आणि थोडं अपुरंही. कुठल्या पानावर, कुठल्या ओळीत, एवढं सांगितलं असतं तर?

बेलफास्टमध्ये २०१५ साली एका रस्त्याला जॉन बेल यांचं नाव द्यायचं ठरलं. पण तिथल्या नगरपालिकेला व्यक्तींची नावं चालत नव्हती, म्हणून रस्त्याचं नाव झालं 'बेल्स थिअरम क्रेसेंट'. आमच्या महापालिकेत व्यक्तींचीच रांग संपत नाही, प्रमेयाचा नंबर केव्हा लागणार!

१ ऑक्टोबर १९९० ला मेंदूतल्या रक्तस्रावाने बेल अचानक गेले, वय ६२. त्याच ऑगस्टमध्ये त्यांचा एक लेख प्रसिद्ध झाला होता, 'मोजमापाच्या विरोधात' अशा मथळ्याचा. त्यात त्यांनी काही शब्दांवर चक्क बंदी घालावी असं सुचवलंय: प्रणाली, उपकरण, निरीक्षणीय नि असे आणखी काही आणि सगळ्यांत वाईट म्हणजे मोजमाप. हे शब्द व्यवहारात ठीक, पण पायाभूत सिद्धांत सांगताना त्यांच्यामागे लपायचं नाही. आणि मग बेलफास्टच्या वर्गातला तो जुना राग पुन्हा उसळतो. मोजमाप झाल्याशिवाय निकाल लागत नाही म्हणता, तर मोजणारा कोण लागतो? अख्खं विश्व अब्जावधी वर्षं एका पेशीच्या जिवाची वाट पाहत खोळंबून होतं का, की त्याहून थोडं जास्त थांबावं लागलं, एखादा पीएच.डी. झालेला जीव येईपर्यंत? एम.एस्सी. चालेल का, याचा खुलासा लेखात नाही.